आई-बाबांना घेऊन अष्टविनायक : सहा दिवस, सावकाश

पुण्याहून सुटणाऱ्या यात्रा कंपन्यांच्या बस दोन दिवसांत आठही गणपती उरकतात. साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, एक मुक्काम, पहाटे चारला दारावर थाप. चाळिशीतल्या माणसाला हे जमून जातं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आई-बाबांना जमत नाही, आणि जमत नाही असं ते म्हणणारही नाहीत. वर्षाकाठी पंधरा दिवस घरी येणारा मुलगा किंवा मुलगी हौसेने गाडी ठरवते, बाबा "चालेल" म्हणतात, आई "तुम्ही ठरवाल तसं" म्हणते आणि पहिल्याच दुपारी लक्षात येतं की आपण ज्यांच्यासाठी बेत आखला ते आई-बाबा पाच वर्षांपूर्वीचे होते. रोज रात्री फोन होत असला तरी फोनवर गुडघा दिसत नाही.

म्हणून ही आखणी सहा दिवसांची आहे. दिवसाला जास्तीत जास्त दोन देव, दुपारी झोप, मध्ये एक अख्खा दिवस पुण्याला, घरी. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मंगळवार, शनिवार-रविवार, संकष्टी टाळायची. अंगारकीला तर ज्येष्ठांना घेऊन रांगेत उभं राहणं म्हणजे शिक्षा. माघी गणेश जयंती आणि भाद्रपदातले दिवसही नकोतच.

निघण्याआधी

गाडी उंच हवी, पण फार उंच नको. सेडानमध्ये बसताना माणूस खड्ड्यात उतरतो आणि उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो. इनोव्हा, एर्टिगासारख्या गाडीची बैठक साधारण कमरेच्या खाली येते, ती सोयीची. बसायची रीत आधी घरीच करून बघावी: गाडीकडे पाठ करून आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. एक पाय आत टाकून मग अंग ओढणं, ही आपली सगळ्यांची सवय, आणि पडण्याचं ते मोठं कारण.

औषधांचे दोन संच करावेत, दोन वेगळ्या पिशव्यांत. एका कागदावर प्रत्येक गोळीचं नाव, ताकद, वेळ आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते लिहून एक प्रत बाबांच्या पाकिटात, एक आईच्या पर्समध्ये, एक तुमच्या फोनमध्ये. ही यादी करताना पहिली खरी माहिती हाती लागते. बाबांची एक गोळी चार महिन्यांपूर्वी बदलली आहे, आईने एक स्वतःच्या मनाने बंद केली आहे, हे तेव्हाच कळतं. रागवायचं नाही. रागावलात तर पुढची गोष्ट कळणार नाही.

लघवीची गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून ठेवावं. नाहीतर बाबा ती गुपचूप गाळतात आणि तिसऱ्या दिवशी पाय सुजतात. गाडी लागू नये म्हणून घरात पडून असलेली गुंगी आणणारी गोळी वयस्कांना सहज देऊ नये. प्रोमेथाझीनसारख्या औषधाने म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो, गोंधळल्यासारखं होतं, आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषाची लघवी अडकू शकते. पुढची सीट, उघडी काच आणि पोट अर्धं भरलेलं, एवढ्याने बहुतेकांचं भागतं.

बाकी सामान थोडकं: ग्लुकोमीटर, बीपीचं यंत्र, ओआरएस, जाड सुती मोज्यांच्या चार जोड्या, बाथरूमसाठी रबरी मॅट, प्लगमध्ये बसणारा छोटा रात्रीचा दिवा, काठी. इन्सुलिन असेल तर ते उभ्या गाडीत सोडायचं नाही. काचा बंद असलेली गाडी हिवाळ्यातही दुपारी भट्टी होते.

नकाशात गाव टाकताना तालुका बघावा. आपल्याला हवं ते महड खालापूर तालुक्यातलं. महाड हे मुंबई-गोवा महामार्गावरचं वेगळंच गाव, आणि दोन्ही रायगड जिल्ह्यातच असल्यामुळे भले भले फसतात. ओझर जुन्नरचं, नाशिकजवळचं विमानतळाचं नव्हे. रांजणगाव शिरूर तालुक्यातलं; तिकडे वाळूजजवळही एक रांजणगाव आहे. पाली म्हणजे सुधागड तालुक्यातली.

पहिला दिवस : थेऊर, मोरगाव

शास्त्रोक्त क्रम मोरगावपासून सुरू होतो. आईचा त्यावर कटाक्ष असेल तर सरळ सासवड-जेजुरीमार्गे मोरगाव गाठावं, साधारण 65 किलोमीटर, आणि थेऊर शेवटी कधीतरी करावं. ते पुण्यापासून पंचवीसच किलोमीटर आहे. क्रमावरून वाद घालण्यात अर्थ नाही. क्रमाचा आग्रह नसेल तर मात्र थेऊर आधी घेणं शरीराच्या हिशेबाने बरं, कारण सकाळी सातला दर्शन होतं आणि नाश्त्याचा प्रश्न सुटतो.

हा नाश्त्याचा प्रश्न साधा नाही. दर्शनाआधी खायचं नाही, हा नेम. आणि साखरेची गोळी सकाळी सहालाच घेतलेली. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन तीन तास उपाशी राहिलं की साखर उतरते. घाम, हाताला कंप, चिडचिड, मग बोलण्यात असंबद्धपणा. चिडचिडीकडे घरचे दुर्लक्ष करतात, "बाबांचा स्वभावच तसा" म्हणून. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची. प्रसादाचा पेढा चालत नाही; त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. त्यापेक्षा साधा नियम: ताट समोर आलं की मगच गोळी. नेम मोडत नाही, गोळीही चुकत नाही.

थेऊरचं देऊळ सपाटीवर आहे, चढ नाही. लाकडी सभामंडप माधवराव पेशव्यांनी बांधलेला. 18 नोव्हेंबर 1772 रोजी माधवरावांनी इथेच देह ठेवला, रमाबाई सती गेल्या, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. बाबा ही हकिगत सांगणारच. मध्ये तोडू नये. ज्या गोष्टीची कमी चर्चा होते ती अशी, की माधवराव आणि त्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांच्यात राज्यकारभारावरून दुरावा आला होता आणि त्या नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या होत्या. आई एका गावी, पोरगा दुसऱ्या गावी, मध्ये पत्रं. हे ओसरीवर बसून बोलायला चांगलं आहे, कारण त्यात आपलं कोणाचं नाव येत नाही.

आठ वाजता निघून सोलापूर रस्त्याने यवत-चौफुला आणि चौफुल्याहून सुप्यामार्गे मोरगाव, साधारण 65 किलोमीटर. नाश्ता आणि स्वच्छतागृह दोन्ही महामार्गावरच उरकून घ्यावं. चौफुल्यानंतर कमोड मिळेल याची खात्री नाही.

आता पाण्याबद्दल, कारण सगळ्या प्रवासाची मेख तिथे आहे. मागच्या सीटवरच्या आईकडे आरशातून बघत राहा. ती बाटलीचं झाकण काढते, ओठ ओले करते, झाकण लावते. बाटली दुपारपर्यंत तेवढीच भरलेली. वाटेत लघवीला लागू नये म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही, आणि "तहानच नाही" म्हणते. याने दुपारी डोकं दुखतं, बीपी खाली येतं, उभं राहताना चक्कर येते, आणि तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू होते. "आई, जायचंय का?" असं विचारलं की उत्तर नेहमी "नाही". विचारूच नये. दर सव्वा-दीड तासाने गाडी चांगल्या हॉटेलाशी थांबवायची आणि "मला जाऊन यायचंय" म्हणून स्वतः उतरायचं. मग दोघंही उतरतात. मुलापुढे, आणि त्यातही जावयापुढे किंवा सुनेपुढे, ही गोष्ट बोलायची लाज त्या पिढीला आहे. ती घालवायला सहा दिवस पुरत नाहीत. सोय करणं आपल्या हातात.

मोरगावला साडेदहाच्या आत पोहोचावं. देवळाभोवती गढीसारखी उंच तटबंदी, चारी कोपऱ्यांवर मिनार. रस्त्यावरून नगारखान्याकडे पायऱ्या चढून जावं लागतं. समोर उंदीर आहेच, पण नंदीही आहे, आणि गणपतीसमोर नंदी बघून नातवंडं हमखास प्रश्न विचारतात. आवार फरसबंद आहे. अकरानंतर फरशी तापते. मधुमेहाने तळपायाची संवेदना गेलेल्या माणसाला चटका जाणवत नाही. रात्री मोजा काढल्यावर फोड दिसतो. म्हणून जाड सुती मोजे घालूनच प्रदक्षिणा, आणि रोज रात्री तळपाय बघायचे. बाबा तुम्हाला पाय दाखवणार नाहीत. आईला बघायला सांगा आणि तिच्या पायांचं तुम्ही बघा.

गाभाऱ्यातून बाहेर येताना उंबरठा उंच आणि आत-बाहेरच्या उजेडात फरक. मोतीबिंदूचं ऑपरेशन न झालेल्या डोळ्याला तिथे काही क्षण दिसत नाही. हात धरू नका, कोपर पुढे करा. हात धरला की म्हातारं माणूस चिडतं, कोपर मात्र स्वतःहून धरतं.

मुक्काम बारामतीत, मोरगावहून तासाभराच्या अंतरावर. खोली घेताना चार गोष्टी फोनवरच विचाराव्यात: लिफ्ट आहे का, कमोड आहे का, बाथरूमला पायरी आहे का, पलंग किती उंच. नव्या खोलीत माणूस पडतं ते रात्री दोनला, बाथरूमकडे जाताना. घरी आई पलंगाच्या ज्या बाजूने उतरते तीच बाजू इथेही मोकळी ठेवा, वाटेतल्या चपला आणि बॅगा हलवा, रात्रीचा दिवा लावा, बाथरूमची कडी आतून लावू नका असं सांगा. तुमची खोली शेजारची असावी. एकाच खोलीत सगळे झोपले की कोणाचीच झोप होत नाही.

दुसरा दिवस : सिद्धटेक, रांजणगाव

बारामतीहून दौंडमार्गे सिद्धटेक. पूर्वी भीमा ओलांडायला नाव होती; आता पूल आहे. बाबांच्या आठवणीत नाव असेल तर पुलावर गाडी हळू घ्यायला सांगावी. आठांपैकी हे एकच स्थान अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात. मूर्ती उजव्या सोंडेची, म्हणून सोवळंओवळं कडक. गाभारा अहिल्याबाई होळकरांनी बांधवला असं सांगतात. देऊळ टेकाडावर असल्याने इथली प्रदक्षिणा म्हणजे सगळ्या टेकडीला वळसा, पाचेक किलोमीटरचा. ज्येष्ठांनी ती करू नये. "एवढं आलोच आहोत तर" हे वाक्य ऐकू आलं की देवळातल्या देवळात, जागच्या जागी प्रदक्षिणा घ्यायची पद्धत आहे हे आईलाच आठवू द्यावं. तुम्ही सांगितलंत तर तो सल्ला होतो, तिला आठवलं तर शास्त्र.

दोन तास गाडीत बसून उतरलेल्या माणसाने लगेच चालायला लागू नये. दार उघडल्यावर पाय बाहेर टेकवून मिनिटभर बसायचं, पावलं वरखाली हलवायची, मग उठायचं. बीपीची आणि प्रोस्टेटची काही औषधं उभं राहताना रक्तदाब उतरवतात. देवापुढे साष्टांग नमस्कार घालून झटकन उठतानाही तेच होतं. इथून पुढे उभ्यानेच हात जोडणं.

दुपारचा टप्पा मोठा आहे: सिद्धटेकहून चौफुला-न्हावरेमार्गे रांजणगाव, दोन तास धरून चाला. या टप्प्यात गाडीतली जागा बदलावी. पहिल्या दिवशी बाबा पुढे बसतात. तो त्यांचा मान. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांच्या शेजारी मागे बसा आणि आईला पुढे पाठवा. समोरासमोर बसून "बरं, कसं चाललंय?" विचारलं की घरातले पुरुष "मजेत" म्हणून विषय मिटवतात. शेजारी बसून, दोघांची नजर रस्त्यावर असताना, पंधरा-वीस मिनिटांच्या शांततेनंतर काहीतरी निघतं. मार्चमध्ये जिन्यात पाय घसरला होता, वगैरे. त्यावर "मला का नाही सांगितलं?" हा प्रश्न विचारायचा नाही. उत्तर तुम्हाला माहीत आहे: तुम्ही लांब होतात, सांगून काय करणार होतात. विचारायचं ते एवढंच, की डोक्याला लागलं होतं का, आणि त्यानंतर चालण्यात काही फरक पडला का.

नव्या पिढीचा सगळ्यात मोठा आगाऊपणा चहाच्या टपरीवर दिसतो. बाबा खिशातून पाकीट काढतात, अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजतात, आणि वर बघतात तो तुम्ही क्यूआर कोड स्कॅन करून मोकळे. नोटा परत पाकिटात जातात. दिवसातून चारदा हे झालं की माणूस गप्प होतो. चहा, नारळ, दक्षिणा आणि एकदाचं डिझेल, हा खर्च बाबांचा. हॉटेल आणि गाडी तुमची. निघण्याआधी ठरवून टाका.

रांजणगावचा महागणपती पुणे-अहिल्यानगर महामार्गाला लागून, पुण्याहून पन्नासेक किलोमीटर. जायला-यायला सोपा, त्यामुळे गर्दी जास्त. जवळच एमआयडीसी असल्याने लिफ्टवाली बरी हॉटेलं मिळतात. मुक्काम इथेच.

तिसरा दिवस : ओझर

आज एकच देव. शिक्रापूर-चाकण रस्ता कारखान्यांच्या ट्रकांनी भरलेला असतो, तो टाळून पाबळ-मंचरमार्गे नारायणगाव आणि तिथून ओझर. रस्ता अरुंद, पण सकाळी निवांत. नारायणगाव टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध. आईला भाजी घ्यायचीच असेल तर घेऊ द्यावी, गाडीत जागा आहे. सहा दिवसांत तिने स्वतःहून ठरवलेली ती एकमेव गोष्ट असू शकते.

ओझरचा विघ्नहर कुकडीकाठी, शेजारी येडगाव धरणाचं पाणी. वसईच्या 1739 च्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी इथल्या शिखराला सोनं चढवलं असं सांगतात. आवार प्रशस्त, चढ नाही, भक्तनिवास देवळाशीच. तळमजल्याची खोली मागून घ्यावी. मिळाली नाही आणि वरचा मजला पदरी पडला, तर दिवसातून एकदाच चढायचं, अशा बेताने सामान खाली आणावं.

दुपारी चार ते पाच तुमच्या ऑफिसचा कॉल असेल तर तो आज. आधी सांगून ठेवा, एक तास म्हणजे एकच तास. "तुझं काम असेल तर कर हो, आमचं काय," असं आई म्हणते, त्याचा अर्थ कर असा नसतो; पण सांगितलेली वेळ पाळली तर तिला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते जेवताना टेबलावर उलटा ठेवलेला फोन थरथरला की.

ज्या विषयासाठी अनेकदा ही सगळी यात्रा काढलेली असते, तो विषय काढायची संध्याकाळ ही. पहिल्या दिवशी काढला तर "यासाठीच आणलंत होय" असं होतं, शेवटच्या दिवशी काढला तर बोलणं पुरं होत नाही. आणि एकच विषय. घर विकणं, परगावी आमच्याकडे येऊन राहणं, कामाला बाई ठेवणं, इच्छापत्र, बँकेची खाती, हे सगळं एका बैठकीत आणलं तर बाबा उठून देवळात जातील. सर्वात कमी बोचणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करावी, ती म्हणजे कागद कुठे आहेत. विम्याची पॉलिसी, ठेवींच्या पावत्या, घराचे कागद, पेन्शनचं पासबुक. वहीत बाबांनीच लिहायचं, त्यांच्या अक्षरात. तुम्ही फोनवर टिपायला लागलात की त्यांना जप्ती आल्यासारखं वाटतं.

इच्छापत्राचा विषय बाबांनी स्वतः काढला तर दोन-तीन गोष्टी माहीत असाव्यात. साध्या कागदावरचं इच्छापत्रही चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करायचं नाही. नॉमिनी म्हणून नाव लावलं की पैसे त्याचेच झाले, हा समज सरसकट खरा नाही. बँकेच्या ठेवीसारख्या बाबतीत नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, वाटणी वारसांत किंवा इच्छापत्राप्रमाणे होते. भावंडांत भांडणं लागतात ती बहुधा याच अज्ञानातून. बाबांनी विषय काढलाच नाही, तर रात्रीची आरती गाठावी आणि झोपावं.

चौथा दिवस : लेण्याद्री

ओझरहून पंधरा किलोमीटर. सातच्या ठोक्याला पायथ्याशी. पायऱ्या तीनशेच्या आसपास, उंचसखल, आणि नऊनंतर ऊन अंगावर. पुरातत्त्व खात्याचं तिकीट घ्यावं लागतं, कारण डोंगरातली ही सगळी बौद्ध लेणी आहेत. गिरिजात्मज बसला आहे तो सातव्या लेण्यात. पुत्रप्राप्तीसाठी पार्वतीने इथे तप केलं अशी कथा. गिरिजेचा आत्मज, म्हणून गिरिजात्मज. आईला हे देऊळ चुकवायचं नसतं, आणि गुडघे नेमके तिचेच गेलेले असतात.

इथे डोली मिळते. जाऊन-येऊन भाडं आणि वर थांबण्याची वेळ आधी पक्की करावी, वजन विचारलं तर खरं सांगावं. डोली उचलणाऱ्यांची पाठ आहे ती. खरा प्रश्न बाबांना डोलीत बसवण्याचा. "मी काय मेलोय का, खांद्यावर जायला?" इथपर्यंत मजल जाते. बाबांसाठी डोली बोलवायची नसते. आईसाठी बोलवायची, "ती एकटी घाबरेल, तुम्ही बरोबर असा" म्हटलं की दुसरी डोली येते. तरीही चालतच जायचं म्हणाले तर जाऊ द्यावं, फक्त काही अटींवर.

चढताना चांगला पाय आधी, दुखरा मागून. उतरताना दुखरा आधी, चांगला मागून. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट हातात. हे उलटं वाटतं, पण भार वाटला जातो तो असाच. दर पंचवीस पायऱ्यांना थांबा. चढताना तुम्ही एक पायरी खाली, मागे राहायचं, पुढे नाही. पुढे राहून हात देणारा मुलगा बाबांचा तोल घालवतो. चढताना काहीतरी बोलत राहा. एक वाक्य एका दमात पुरं होत नसेल तर बसायचं. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, यातलं काहीही झालं तर परत, आणि नारायणगाव-जुन्नरला जो जवळचा दवाखाना असेल तो. ज्यांची अँजिओप्लास्टी अलीकडे झाली आहे त्यांनी डॉक्टरांचा होकार असल्याशिवाय पहिली पायरीही चढू नये.

वर गेल्यावर सभामंडप बघा: एवढा मोठा दालनभर खडक कोरून काढला आहे आणि मध्ये एकही खांब नाही. कड्याच्या सावलीत गारवा असतो. बाहेर ओट्यावर अर्धा तास बसावं, पाणी आता बाबा मागून घेतात. माकडं फार आहेत. नारळ, प्रसादाची पिशवी, चष्मा, ऐकू येण्याचं यंत्र, सगळं आत ठेवायचं. ऐकण्याचं यंत्र हरवलं की पुढचे सगळे दिवस बाबा नुसती मान डोलावणार.

गुडघे दुखतात ते उतरताना, आणि कळतं ते दुसऱ्या दिवशी. खाली आल्यावर बर्फाच्या पाण्याचा शेक पंधरा मिनिटं, कापडातून. वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने नको. बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्यांबरोबर ती मूत्रपिंडाला जड जाते. दुपारी जेवून निघालं की पुणे शंभरेक किलोमीटर, संध्याकाळच्या आत घर.

पाचवा दिवस : घरी

काही करायचं नाही. कपडे धुणं, गोळ्यांचे डबे भरणं, तळपाय बघणं. तुम्ही मित्रांकडे जाऊन या. चार दिवस चोवीस तास बरोबर राहिल्यावर त्यांनाही दार लावून घेऊन आपापल्या खुर्चीत बसायचं असतं. ज्या यात्रांमध्ये हा दिवस नसतो, त्यांत सहाव्या दिवशी कशावरून तरी खटका उडतो, बहुतेक एसीवरून.

सहावा दिवस : महड, पाली

घाट आहे, म्हणून पोट अर्धं. द्रुतगती मार्गाने खोपोलीकडे उतरून महड, पुण्याहून दोन तासांत. इथला नंदादीप 1892 पासून अखंड तेवतो आहे. शेजारी तळं, पायऱ्या शेवाळलेल्या असतात, आईला हात-पाय धुवायला तिथे उतरू देऊ नये. कोकणपट्टीचा दमटपणा देशावरच्या माणसाला लगेच जाणवतो, ओआरएस आज काढायचं.

महडहून पाली चाळीसेक किलोमीटर. आठांपैकी भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा गणपती हा एकटाच. बल्लाळ पोरगा, बाप कल्याणशेट. पोरं भक्तीच्या नादी लावतो म्हणून बापाने त्याला बेदम मारलं, झाडाला बांधलं, त्याने पूजलेला दगड भिरकावून दिला. देव आला तो पोरासाठी. बापाने भिरकावलेला तो धुंडीविनायक, देवळामागेच, पश्चिमेकडे तोंड करून. आणि दर्शनाची रीत अशी की आधी धुंडीविनायक, मग बल्लाळेश्वर. बापाने फेकलेल्या देवाला आधी नमस्कार, मग पोराच्या. ही कथा नातवंडांना आजोबांनी सांगावी. त्यात बापाची बाजू कशी मांडतात ते ऐकण्यासारखं असतं.

दगडी देऊळ भक्कम आहे, फरशी गार. चिमाजी अप्पांनी वसईहून आणलेली घंटा इथे आहे. जवळ उन्हेऱ्याला गरम पाण्याचे झरे आहेत, आणि सांधेदुखीला बरं म्हणून आई-बाबांना डुंबायचं असतं. पायाची संवेदना गेलेल्या मधुमेहींनी त्यात पाय घालू नयेत, आणि बीपीची औषधं घेणाऱ्यांनी पाच मिनिटांवर बसू नये. गरम पाण्यातून उठताना घेरी येते. दुपारी दोनला परतीला लागावं. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी घाट तुंबतो आणि गाडी उभी राहिली की स्वच्छतागृह दोन किलोमीटर पुढे असतं.

आठ झाले तरी यात्रा पुरी होत नाही, शेवटी पुन्हा मोरगावला जायचं असतं. हे आईला माहीत असतं, आणि तुमची परतीची तारीख जवळ आलेली असल्याने ती ते बोलत नाही. तुम्हीच विचारा. जायचं ठरलं तर मंगळवार आणि शनिवार-रविवार सोडून कोणताही दिवस, सकाळी सहाला सासवडमार्गे निघायचं, साडेसातला दर्शन, जेजुरीच्या अलीकडे नाश्ता, अकरापर्यंत घरी. गाडी तीच सांगा, चालकाला एव्हाना कुठे थांबायचं ते पाठ झालेलं असतं.